पाच मालकांची फियाट

जुनी गाडी घेतली की लोक दोनच प्रश्न विचारतात. "ॲव्हरेज काय देते?" आणि "पार्ट मिळतात का?" गेल्या काही वर्षांत तिसरा प्रश्न आलाय, तो मात्र फक्त शौकीन मंडळी विचारतात: "हिस्ट्री आहे का?" म्हणजे पहिला मालक कोण, दुसरा कोण, मधे किती हात बदलले, कागद सलग आहेत का. साखळी अखंड असेल तर गाडीची किंमत वाढते म्हणे. परदेशात तर या फायलीवरच लिलावाचा आकडा ठरतो.

माझी गाडी काही लिलावात जाणारी नाही. १९६७ ची फियाट ११०० डी. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, पुढे अख्खं एक बाकडं. नव्या पिढीला सांगायचं तर "ती टॅक्सी असते ना, तशी". पण हे चुकीचं आहे हो! टॅक्सी होती ती पद्मिनी. सांगाडा तोच, पण पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आलं, त्याआधी थोडे दिवस 'प्रीमियर प्रेसिडेंट' होतं, आणि त्याआधी नुसतीच फियाट. त्याच्याही आधीची गोलगरगरीत फियाट ती 'डुक्कर फियाट'. आमची ही मधली. ना डुक्कर, ना पद्मिनी.

गाडी मी २०१६ मध्ये पुण्यातल्याच एका प्राध्यापकांच्या पत्नीकडून घेतली. सर दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात होती. नावावर झाल्यावर स्मार्टकार्ड हातात आलं. त्यावर माझं नाव आणि मालकाचा अनुक्रम: ५. झालं! त्या पाचाने माझी झोप उडवली. पाचवा मी, चौथे सर. मग पहिले तीन कोण?

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी आरसी बुक हे खरंच बुक असायचं. प्रत्येक मालकाचं नाव, पत्ता, नावावर झाल्याची तारीख, शिक्का, अधिकाऱ्याची सही. गाडीची कुंडलीच ती. स्मार्टकार्ड आल्यावर ही कुंडली सरकारजमा झाली आणि आपल्या हातात आलं फक्त शेवटचं नाव. ऑनलाइन गाडीचा नंबर टाकला तर मालकाच्या नावात अक्षरं कमी आणि फुल्याच जास्त. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती देता येत नाही असं उत्तर आलं. त्यात चूक काही नाही म्हणा. उद्या कुणी माझा पत्ता असाच मागितला तर मलाही आवडणार नाही.

मला वाचवलं ते सरांच्या स्वभावाने. पदार्थविज्ञानाचा माणूस. आरसी बुक जमा करण्याआधी सरांनी त्याच्या पानन् पानाची झेरॉक्स काढून ठेवली होती, आणि बरोबर एक डायरी. १९८५ पासून २०१३ पर्यंत भरलेल्या प्रत्येक लिटरची नोंद! तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटी भागाकार. दोन दशांशस्थळांपर्यंत. बाईंनी ते सगळं मला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दिलं आणि म्हणाल्या, "मला नको आता. संसारापेक्षा जास्त हिशोब या गाडीचा ठेवलाय त्यांनी."

झेरॉक्सवरून उलगडलं ते असं. १९६७, एक डॉक्टर, शाहूपुरी, कोल्हापूर. १९७४, इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले. १९८२, कराडचे एक गृहस्थ. १९८५, आमचे सर. म्हणजे गाडी कोल्हापूरहून निघाली आणि वळसा घेऊन हायवेने थांबत थांबत पुण्याला पोचली. तिला अठरा वर्षं लागली. (आजकाल कामं चालू असताना एखाद्या दिवशी आपल्यालाही तेवढीच लागतात की काय असं वाटतं. असो.)

डॉक्टरांचं घर सापडायला वेळ लागला नाही. शाहूपुरीत जुन्या माणसांना विचारत गेलो, औषधाच्या दुकानात एकाने सांगितलं की डॉक्टर जाऊन पंचवीस वर्षं झाली, पण मुलगी इथंच असते. ही २०१८ मधली गोष्ट. बाई सदुसष्टच्या. मी गाडीचा नंबर सांगितला मात्र, त्या उठून उभ्याच राहिल्या.

"बसा की. आधी चहा घ्या, मग सांगा, कुठाय ती?"

काकूंकडून जे कळलं ते कुठल्या आरसी बुकात मावणार? डॉक्टरांनी नाव नोंदवल्यावर सहा वर्षांनी गाडी आली. त्या काळी गाडी 'विकत घ्यायची' नसायची, 'मिळायची'. किमतीवर सरकारचा अंकुश, कारखाने मोजके, मागणी भरमसाट. त्यामुळे वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची, आणि म्हणून नवी गाडी ठराविक मुदतीत परवानगीशिवाय विकायची नाही असाही नियम होता. डॉक्टर रात्री-अपरात्री व्हिजिटला जायचे तेव्हा ही पुढे बाकड्यावर झोपून सोबत. अठराची झाल्यावर रंकाळ्याच्या कडेने गाडी शिकली. एका वळणावर भिंतीला घासून पुढच्या डाव्या मडगार्डला चांगला वाटीएवढा पोचा आणला.

"बाबा एक शब्द बोलले नाहीत. पण पोचा काढलापण नाही. म्हणाले, राहू दे. तुझ्या लक्षात राहील."

१९७३ च्या शेवटी जगात तेलाचं संकट आलं, पेट्रोलचे भाव चढले, आणि गरीब पेशंटकडून पैसे न घेणाऱ्या डॉक्टरांना गाडी झेपेना. पुढच्याच वर्षी विकली. डॉक्टर एका जुन्या लँब्रेटावर आले. "मी तेव्हा लग्न होऊन सांगलीला होते. मला पत्रानं कळवलं," काकू म्हणाल्या. "पोचा आहे का हो अजून?"

मी पुण्याला येऊन पहिलं काम केलं ते मडगार्ड चाचपायचं. पोचा नव्हता. सरांनी काढून घेतला असेल म्हणून आमच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी दाराच्या आतल्या कडेला पाण्यात बुडवलेला पॉलिश पेपर हळूहळू घासला. झाडाच्या खोडात वर्तुळं दिसावीत तसे रंग दिसायला लागले. वर पांढरा. त्याखाली क्रीम. त्याखाली गडद निळा. आणि सगळ्यात तळाला फिकट राखाडी, तो कंपनीचा. मग त्यांनी डाव्या मडगार्डची आतली कड घासली. पांढरा, क्रीम... आणि थेट प्रायमर.

"साहेब, हा पत्रा नंतरचाय," मिस्त्री म्हणाले. "क्रीम मारायच्या टायमाला बसवलाय. पुढचं पानपण बघा, लांबी भरलीय आतनं. जोरात बसलेला दिसतोय मार."

सरांची गाडी पहिल्यापासून क्रीम होती, पांढरी त्यांनी नंतर केली, हे डायरीत होतंच. म्हणजे निळा रंग जाऊन क्रीम आला तो त्यांच्या आधी. इचलकरंजी किंवा कराड. मी डायरीचं पहिलं पान पुन्हा काढलं. मे १९८५. सरांच्या बारीक अक्षरात: 'कराडचे गृहस्थ पहिल्याच आकड्याला हो म्हणाले. घासाघीस नाही. गाडीत दोष असावा काय?' आणि त्याखाली पंधरा दिवसांनी वेगळ्या शाईत: 'सर्व तपासले. दोष आढळला नाही.'

खरं सांगायचं तर मला तेव्हा शेरलॉक होम्स झाल्यासारखं वाटत होतं. रहस्यकथेचा वाचक काय करणार दुसरं? पुढच्याच महिन्यात इचलकरंजी गाठली.

यंत्रमागवाल्यांचा मुलगा आता साठीचा. बोलायला मागांच्या खडखडाटातून बाहेर रस्त्यावर यावं लागलं. हो, गाडी निळी त्यांनीच केली. "आण्णांनी घेतली तवा आमच्या गल्लीत पहिली गाडी ओ. दसऱ्याला मागाबरोबर तिची पूजा व्हायची." मग मी विचारलं, ८२ ला विकली ना? तो म्हणाला, छे, ७९ लाच दिली. कराडच्या पार्टीला. आण्णांनी फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि विषय संपला.

आमच्याकडे हे सर्रास चालायचं. गाडी विकणारा टीटीओ फॉर्मवर सही करून मोकळा. घेणारा सवडीने नावावर करणार, किंवा न करताच त्या सहीवर तिसऱ्याला विकणार. म्हणजे कागदावर मालक एक आणि गाडी दारात दुसऱ्याच्या. ही सवड मिळायला कराडच्या गृहस्थांना तीन वर्षं लागली. का, ते पुढच्याच वाक्यात कळलं.

"८१ साली आमच्या दारात कोर्टाचं समन्स. ॲक्सिडेंटचं. आण्णा म्हणायचे, गाडी विकून दोन वर्सं झाली, माझा काय संबंध? पण बुकात नाव आमचंच की."

हे असंच आहे, आजही. अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा लागतो तो ज्याचं नाव नोंदणीत आहे त्याच्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केलं: गाडी कितीही हात बदलली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच. तेव्हा मंडळी, गाडी विकाल तर नाव बदललं की नाही ते स्वतः जाऊन बघा. एजंटच्या 'होऊन जाईल'वर राहू नका. एका सहीच्या भरवशावर आण्णांनी चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी विमा कंपनीने पैसे भरले म्हणून सुटले. पण त्या धसक्याने त्यांनी पुन्हा गाडी घेतली नाही, ती नाहीच.

"कोण गेलं त्यात?" मी विचारलं.

"ते आण्णांनी घरात कधी सांगितलं नाही. समन्सचा कागद हाय कुठंतरी, केस नंबरासकट. बघू का?"

मी म्हटलं, नंतर बघू. आधी कराडला जाऊन येतो.

कराडला गेलो तो रविवार होता. पत्त्यावर बंगला होता, जुना पण नीटनेटका. दार उघडलं माझ्याच वयाच्या एका गृहस्थांनी. मी नेहमीप्रमाणे हसत हसत सुरुवात केली: जुन्या गाड्यांचा नाद आहे, तुमच्याकडे पूर्वी एक फियाट होती, तिचा नंबर असा असा... त्यांचा चेहरा बदलला नाही, पण त्यांनी मागे वळून घरात पाहिलं आणि दार अर्धं ओढून घेऊन बाहेर आले.

"तुम्हाला पाणी आणतो," ते म्हणाले. पाणी आणलं. मी प्यालो. मग म्हणाले, "राग मानू नका. आमच्याकडे त्या गाडीचं नाव काढत नाहीत. आईला अजून त्रास होतो."

मी म्हटलं, माफ करा, निघतो. चपला घालत होतो तेवढ्यात व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला वेताच्या खुर्चीत बसलेले एक म्हातारे गृहस्थ, मला आधी दिसलेच नव्हते, त्यांनी मान वर केली. ऐंशीच्या पुढचे असतील.

"फियाट का?"

मुलगा म्हणाला, "काही नाही दादा, चुकून आलेत."

"चालते अजून?"

मी मुलाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. मी म्हटलं, "हो. चालते."

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. मग काठी घेऊन उठले आणि आत गेले.

परतताना मी खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही. माझ्या डोक्यात एवढे दिवस गाडीचे 'मालक' होते: पहिला, दुसरा, तिसरा. शिक्क्यांची आणि तारखांची एक यादी. त्या घरात तो अपघात यादीत नव्हता. तो रोज जेवायला बसत होता. त्यात त्यांचंच कुणी गेलं, की त्यांच्या हातून दुसऱ्याचं कुणी, हे मला माहीत नाही. वाहनाच्या धडकेत दोन्ही प्रकारची घरं उद्ध्वस्त होतात.

माहीत करून घेणं अवघड नव्हतं. इचलकरंजीत केस नंबर होता. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निकाल म्हणजे न्यायालयाचा कागद, अर्ज केला की नक्कल मिळू शकते. एका ओळखीच्या वकिलाने "आणून देतो की" असंही सांगितलं. मुंबईचे एक संग्राहक आहेत, त्यांच्याकडे पंचवीस-तीस गाड्या आहेत. ते माझ्या फायलीवर खूश होते. म्हणाले, एवढी १९७९ ते १९८२ ची फट बुजवा, मग ही महाराष्ट्रातली सगळ्यात चांगल्या कागदांची ११०० डी होईल. मी सांगितलं, नाही बुजवणार. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय.

माझी बायको या सगळ्यावर म्हणाली, "मग आधी कशाला गेला होतास?" प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर एवढंच की डॉक्टरांच्या मुलीला गाडी आठवायची होती आणि कराडच्या घराला विसरायची होती, आणि दोन्ही घरांची गाडी एकच. बेल वाजवेपर्यंत कुठलं घर कुठलं हे कळायला मार्ग नव्हता. कळल्यावर मात्र पुढे जायचं की नाही हे माझ्या हातात होतं. इचलकरंजीला मी फोन करून सांगितलं, तो कागद शोधू नका. "बरं झालं," पलीकडून आवाज आला, "माळ्यावर चढायचं वाचलं."

फाईल आता कपाटात आहे. तेवढ्या वर्षांच्या जागी मी फक्त 'कराड' लिहिलंय.

मधे कोविड आला, दोन वर्षं गाडी हललीच नाही. २०२१ मध्ये सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. 'व्हीए' अक्षरांची नवी नंबरप्लेट, नोंदणीला वीस हजार रुपये, आणि मग गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो हे चांगलं. पण मला शनिवारी मंडईत जायला गाडी लागते, त्यामुळे मी अजून त्या वाटेला गेलो नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून बंद झाली, पेपरात मोठमोठे लेख आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच कोल्हापूरहून फोन.

"बातमी वाचली. आपली आहे ना अजून?"

"आहे काकू. आणि ती टॅक्सी पद्मिनी होती, आपली फियाट."

"ते मला नका सांगू," काकू म्हणाल्या. "मला एकदा दाखवाल का?"

डिसेंबरात पहाटे निघालो. थंडीत चोक ओढून तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. खंबाटकीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, मागे हॉर्नची वरात. साताऱ्याला चहा. कराड हायवेवरूनच गेलं, मी थांबलो नाही. शाहूपुरीत पोचलो तेव्हा काकू फाटकातच उभ्या होत्या. बरोबर त्यांची नात, मोबाइल धरून शूटिंगला तयार. काकू बाहत्तरच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पण कुणाचा हात न धरता आल्या आणि सरळ पुढच्या डाव्या मडगार्डपाशी गेल्या. तळवा फिरवला. एकदा वरून, एकदा चाकाच्या बाजूने.

"गुळगुळीत झालं," त्या म्हणाल्या.

"हो. पत्रा बदललाय मधे."

"का? मधे काही झालं का हो गाडीला?"

वाटेत दोनशे किलोमीटर मी याच प्रश्नाचा विचार करत आलो होतो, तरी उत्तर तयार नव्हतं. "बरंच काम झालंय तिचं एकदा," मी म्हटलं. "पुण्याला यायच्या आधी. माझ्याकडे त्याचे कागद नाहीत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरच्या घरातली मुलगी, किती म्हणून ऐकलं असेल लहानपणी रात्री त्या बाकड्यावर पडून. त्यांनी हात मडगार्डवर तसाच ठेवला होता.

"बरं," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने नातीला, "तो फोन ठेव आत."

मग त्या चालकाच्या बाजूने बसल्या. गिअरची दांडी हातात घेतली, क्लच दाबून पाहिला, गुडघा दुखला म्हणून पुन्हा सोडला आणि सरकून पलीकडे झाल्या. रंकाळ्याला एक चक्कर मारायची होती. मी गाडी सुरू केली. वळणाजवळ आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "हळू. इथं भिंत जवळ येते."

भिंतीचा तो भाग आता नाही, तिथे फरशीचा फूटपाथ आहे. मी हळू घेतली.